प्रश्न विचारायची जागा

प्रजननसंस्थेचा धडा आला की वर्गात काय होतं, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. फळ्यावर आकृती काढली जाते, भागांना नावं दिली जातात, मागच्या बाकांवर खुसखुस होते आणि ‘उरलेलं घरी वाचा’ म्हणून धडा संपतो. परीक्षेपुरतं काम भागतं. पण मुलामुलींच्या मनातले प्रश्न तासाच्या घंटेबरोबर संपत नाहीत. ते कुठेतरी जातात. मित्राकडे, जाहिरातीकडे, भोंदू वैद्याकडे आणि आता हातातल्या फोनकडे.

प्रश्न विचारायला जागा नसणं ही काही आजची अडचण नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत शिकायला आलेल्या तरुणांनाही ती होती. गिरगावातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाने अशी जागा निर्माण करायचा प्रयत्न केला. त्याची त्याला बरीच किंमत मोजावी लागली. ती गोष्ट इथे सांगायची आहे. ती केवळ एका माणसाच्या धैर्याची नाही. विद्यार्थ्यांच्या आरोग्याची काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, यावरच्या वादाची ती गोष्ट आहे.

पदवीधर अल्पायुषी का?

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत एक गोष्ट लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागली. एवढे कष्ट करून शिकलेली माणसं फार लवकर मरत होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२), कोशकार वामन शिवराम आपटे (१८५८–१८९२), न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८५०–१८९३) आणि त्यांच्या मागोमाग गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५). ही नुसती प्रसिद्ध नावं झाली. ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत असे किती गेले असतील!

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९४ साली हा प्रश्न मुंबईतल्या पदवीधरांपुढे व्याख्यानातून मांडला. हळहळ व्यक्त करून ते थांबले नाहीत. पदवीधरांमधल्या मृत्यूंचं प्रमाण पाहायचं, वेगवेगळ्या समाजांतल्या पदवीधरांची तुलना करायची आणि मग कारणांकडे वळायचं, अशी त्यांची रीत होती. विद्यार्थ्यांचं आरोग्य हा मोजमाप करून अभ्यासण्याचा विषय आहे, ही दृष्टी आपल्याकडे तेव्हा नवीच होती. परीक्षांचा अतोनात ताण हा त्या चर्चेतला एक मुख्य मुद्दा होता.

दुसरा मुद्दा व्यायामाचा. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालमीत घालवलं, ही गोष्ट आपण शाळेत सांगतोच. परीक्षा, आहार, व्यायाम, डोळे, झोप या सगळ्यांवर त्या काळी बोललं जात होतं. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या शरीरात आणखीही काही घडत असतं. त्याबद्दल एकच शब्द उपलब्ध होता, ‘ब्रह्मचर्य’. तो उपदेश होता. त्यात माहिती काहीच नव्हती.

गिरगावातलं बिऱ्हाड

कोकणातून, देशावरून शिकायला किंवा नोकरीला आलेला मराठी तरुण बहुतेक वेळा गिरगावात किंवा आसपास उतरायचा. ओळखीच्या कुणाच्या तरी चाळीतल्या खोलीत वळकटी ठेवायची, खाणावळीत जेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ शिकवण्या करून फी भरायची, हा रिवाज. घरची माणसं गावी. त्या काळच्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया पाचशेहून थोड्याच अधिक भरत होत्या. एवढ्या एकट्या पुरुषांचं ते शहर होतं. गिरगावातून चालत जाण्याच्या अंतरावर कामाठीपुरा होता.

गुप्तरोग म्हणजे काय, हे त्या तरुणाला कुणी सांगत नव्हतं. आणि तो झाला तर आजच्यासारखी सोपी सुटका नव्हती. परम्याचा जंतू १८७९ साली सापडला होता, उपदंशाचा १९०५ साली. उपदंशावरचं पहिलं खात्रीचं औषध, पॉल एर्लिख यांचं साल्वार्सन, १९१० साली आलं. पण ते आर्सेनिकयुक्त होतं. इंजेक्शनं महिनोन्‌महिने घ्यावी लागत आणि शरीराला त्यांचा त्रासही होई. पेनिसिलिन मिळायला १९४० नंतरचं दशक उजाडावं लागलं. म्हणजे १९२० च्या सुमाराला खरा उपाय एकच होता. रोग होऊच न देणं. त्यासाठी माहिती हवी, आणि माहितीवर तर पडदा.

दुसरी भीती याहूनही सार्वत्रिक होती. वयात येणाऱ्या मुलाला बहुधा स्वप्नावस्था होते. ती झाली की ‘धातू जातो’, शक्ती जाते, स्मरणशक्ती जाते, क्षय होतो असं त्याच्या मनावर बिंबवलेलं असायचं. ही समजूत केवळ आपली नव्हे. स्वित्झर्लंडमधल्या तिसो नावाच्या डॉक्टरने १७६० साली हस्तमैथुनाच्या भयंकर परिणामांवर एक पुस्तक लिहिलं आणि पुढची दीडशे वर्षं युरोपातले डॉक्टरसुद्धा त्यावर विश्वास ठेवत राहिले. आपल्याकडे ‘वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब’ हे वाक्य घरोघरी होतं, आणि त्याच भीतीवर धातुपौष्टिक औषधांच्या जाहिराती पोसल्या जात होत्या.

हे वाक्य खरं की खोटं, हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. वर्गात गणित करून पाहता येईल. एका वेळी साधारण ३ मिलिलिटर वीर्य बाहेर पडतं असं धरू. चाळीसने गुणलं तर १२० मिलिलिटर रक्त झालं. आठवड्यातून दोनदा स्वप्नावस्था होणाऱ्या मुलाचं महिन्याला जवळजवळ एक लिटर रक्त खर्च व्हायला हवं. माणसाच्या अंगात रक्त असतं सुमारे पाच लिटर. रक्तदानाच्या वेळी साडेतीनशे मिलिलिटर रक्त घेतात आणि पुढच्या वेळी निदान तीन महिने थांबायला सांगतात. तेव्हा हे वाक्य खरं असतं, तर वयात आलेली सगळी मुलं दोन-तीन महिन्यांत पांढरीफटक पडून अंथरुणाला खिळली असती. तसं होत नाही. वीर्याचा बहुतेक भाग पाणी असतो. त्यात थोडी साखर, क्षार, प्रथिनं आणि शुक्रपेशी असतात. शरीर ते लाळेसारखं सतत तयार करत असतं. त्याचा रक्ताशी असा काही हिशोब नसतो.

पण भीती खोटी असली तरी तिचा त्रास खरा असतो. ‘धातू जातो’ या चिंतेने झोप उडालेले, थकलेले, खचलेले तरुण डॉक्टरांकडे येतात, हे ओळखून भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. रोग शरीरात नव्हता, समजुतीत होता. औषधही मग समजूत बदलण्याचंच हवं.

गणिताचे प्राध्यापक

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. वडील धोंडो केशव कर्वे म्हणजेच महर्षी कर्वे. ते स्वतः मुंबईत शिकवण्या करत शिकले आणि गणित घेऊन १८८४ साली पदवीधर झाले. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात वारल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन तेही गणिताचेच शिक्षक झाले. पहिल्या महायुद्धानंतर उच्च गणिताच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला जाऊन आले.

गिरगाव चौपाटीसमोर विल्सन कॉलेजची जी इमारत आहे ती १८८९ सालची. तिथे कर्वे गणित शिकवत होते. आणि १९२१ साली पत्नी मालतीबाईंच्या साथीने त्यांनी गिरगावात संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. ते भारतातलं पहिलं मानलं जातं. साल ध्यानात ठेवण्यासारखं आहे. लंडनमधलं मारी स्टोप्स यांचं केंद्रही १९२१ च्याच मार्च महिन्यातलं. त्याआधी १९१६ साली मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असं केंद्र उघडलं होतं. ते पोलिसांनी नऊ-दहा दिवसांत बंद केलं आणि सँगरबाईंना तीस दिवसांचा तुरुंगवास झाला. म्हणजे या विषयात गिरगाव लंडनच्या मागे नव्हतं.

संततिनियमनाची साधनं तेव्हा मर्यादित होती. रबरी टोप्या, निरोध, काही रासायनिक पदार्थ. गोळी यायला १९६० साल उजाडावं लागलं. स्त्रीच्या मासिक चक्रात बीजांड नेमकं केव्हा बाहेर पडतं, हेसुद्धा तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२० ते १९३० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवलं, की ते पुढच्या पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी बाहेर पडतं. त्याआधी कित्येक डॉक्टर पाळीच्या मधला काळ सुरक्षित म्हणून सांगत. नेमका तोच सर्वांत धोक्याचा! ज्या विषयात डॉक्टरांचीच माहिती अपुरी होती, त्यात कर्वे युरोपातलं नवं संशोधन वाचून ते मराठीत आणत होते. ‘संततिनियमन – आचार आणि विचार’ आणि ‘गुप्तरोगांपासून बचाव’ ही त्यांची पुस्तकं याच काळातली आहेत.

संततिनियमनाचं काम आणि कॉलेजातली नोकरी एकत्र चालणं कठीण होतं. कॉलेज मिशनऱ्यांचं. एका प्राध्यापकाने असा प्रचार करावा, हे चालकांना रुचलं नाही. काम सोडा किंवा नोकरी, असा पेच पडला. १९२५ साली कर्व्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर त्यांना मनाजोगतं आणि कायमचं उत्पन्न कधी मिळालं नाही. आपल्याला मूल नको असा निर्णय दोघा पतिपत्नींनी घेतला होता आणि तो पाळला. लोकांना जे सांगायचं ते आधी स्वतः करायचं, हा त्यांचा स्वभाव.

प्रश्न आणि उत्तरं

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २६ वर्षं ते चालू राहिलं. शेवटचा अंक त्यांच्या पश्चात नोव्हेंबर १९५३ मध्ये निघाला. लेखन, संपादन, मुद्रितं तपासणं, टपालात घालणं हे बहुतेक सगळं ते स्वतःच करत. अंक छोटा, खप बेताचा आणि व्यवहार तोट्याचा.

त्यात लैंगिक शिक्षण, संततिनियमन, आहार, स्त्रियांचे हक्क, बुद्धिवाद असे विषय असत. मुखपृष्ठावर बहुधा नग्न स्त्रीचं चित्र असे. शरीरात लाजण्यासारखं काही नाही, असं कर्व्यांचं म्हणणं. आज त्या मुखपृष्ठांकडे पाहताना, चित्र नेहमी स्त्रीचंच का, असाही प्रश्न आपल्याला पडू शकतो आणि तो विचारायला हवा. पण कर्व्यांच्या बाबतीत एक गोष्ट विसरता येत नाही. स्त्रीला कामसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे आणि मूल केव्हा व्हावं हे तिच्या इच्छेवर असावं, हे त्या काळी इतक्या उघडपणे सांगणारे फारच थोडे होते.

मासिकातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा वाटतो. घरी वडिलांना, कॉलेजात प्राध्यापकांना, एवढंच काय डॉक्टरांनाही विचारता येणार नाही, असा प्रश्न पत्रातून विचारायचा. पत्त्यावर एक माणूस बसलेला आहे आणि तो हसणार नाही, रागावणार नाही, उपदेश करणार नाही, एवढा भरवसा. विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी दवाखाना लागतो, व्यायामशाळा लागते, चांगली खाणावळ लागते, तसाच हा भरवसाही लागतो. आज आपण ज्याला समुपदेशन म्हणतो त्याचं मूळ याच भरवशात आहे.

उत्तरं द्यायची कर्व्यांची पद्धत गणिताच्या माणसाला साजेशी होती. विचारलंय तेवढ्याचं नेमकं उत्तर. शब्द सरळ, सूचक नाहीत. आणि युरोपातले जाणकार काय म्हणतात याचा आधार. भावनिक धीर देण्यासाठी ते फारसे थांबत नसावेत, स्वभाव तसा कोरडा. पण घाबरलेल्या मुलाला ‘यात रोग काही नाही’ हे एक वाक्यही पुरेसा धीर देऊन जातं.

सर्वांत कच्चा वाचक

या प्रश्नोत्तरांनीच त्यांना कोर्टात नेलं. त्याआधी १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ च्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप होता तो ‘समाजस्वास्थ्य’च्या गुजराती अंकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. प्रश्न हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षणाबद्दलचे होते.

कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. अस्पृश्यतेविरुद्धची चळवळ, गोलमेज परिषदा, पुणे करार या सगळ्या धकाधकीच्या काळात त्यांनी हा खटला का घ्यावा? कर्व्यांच्या पाठीशी कोणताही मोठा समाज नव्हता आणि त्यांची बाजू घेऊन कोणाची लोकप्रियता वाढणार नव्हती. आंबेडकरांच्या युक्तिवादाचा मथितार्थ असा होता. मासिक लैंगिक विषयाला वाहिलेलं आहे आणि प्रश्न वाचकांनी स्वतः विचारलेले आहेत. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही. प्रश्नामागे विकृती आहे असं मानलं तरी ती घालवायचा मार्ग ज्ञान हाच आहे. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांच्या लेखनाचा आधारही त्यांनी घेतला. २४ एप्रिल १९३४ रोजी निकाल लागला तो विरोधात. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

असा निकाल का लागला, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. १८६८ साली इंग्लंडमध्ये ‘हिकलिन’ नावाच्या खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी अश्लीलता ओळखायची एक कसोटी सांगितली. ज्यांची मनं अशा अनिष्ट प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत, त्यांच्या हाती हे लेखन पडलं तर ती बिघडतील का, एवढंच पाहायचं. लेखकाचा हेतू काय, पुस्तक एकूण कशाबद्दल आहे, जाणत्या वाचकाला ते कसं वाटतं, याला महत्त्व नाही. अॅनी बेझंट आणि चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यावर संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल १८७७ साली खटला झाला, तेव्हाही न्यायासनावर हेच कॉकबर्न होते. भारतातल्या न्यायालयांनीही हीच कसोटी उचलली.

या कसोटीचा जरा विचार करून पाहा. समाजातला सर्वांत कच्चा वाचक कल्पायचा आणि त्याला न झेपेल ते कुणालाच वाचू द्यायचं नाही. हा कच्चा वाचक कोण? बहुतेक वेळा नजरेसमोर असतो तो शाळा-कॉलेजातला विद्यार्थी. म्हणजे ज्याला माहितीची सर्वांत अधिक गरज, नेमकं त्याचंच नाव पुढे करून माहिती अडवायची. त्याला काय हवंय, हे मात्र कुणी विचारायचं नाही. कर्व्यांकडे आलेली पत्रं हा त्यावरचा पुरावा होता. पोरं बिघडू नयेत म्हणून जे झाकलं जात होतं, तेच ती पत्र लिहून विचारत होती.

कायद्याला हे उमगायला वेळ लागला. भारतीय दंड विधानाच्या २९२ व्या कलमात १९६९ साली दुरुस्ती झाली आणि शास्त्र, साहित्य, कला यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला स्पष्ट अपवाद मिळाला. हिकलिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवली ती २०१४ साली. समलिंगी आकर्षण हा रोग नाही, हे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली मान्य केलं. सज्ञान व्यक्तींमधले असे संबंध गुन्हा नाहीत, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितलं. गिरगावातल्या त्या प्रश्नोत्तरांना तोवर चौऱ्याऐंशी वर्षं होऊन गेली होती.

खटल्यानंतर

दंड भरून कर्वे पुन्हा कामाला लागले. ‘आधुनिक कामशास्त्र’ हे त्यांचं पुस्तक १९३४ चंच. पुढे त्यांनी ‘आधुनिक आहारशास्त्र’ही लिहिलं. आहार, रोग, लैंगिकता हे सगळे त्यांच्या लेखी आरोग्याचेच भाग होते.

आंबेडकरांनीही हा विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा प्रसार सरकारने करावा असा ठराव त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी हेच काम हाती घेतलं आणि पुढे विधान परिषदेत व राज्यसभेत त्या या विषयावर बोलत राहिल्या. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर हाती घेणारा आपला देश पहिला. त्यानंतरच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्व्यांचं निधन झालं. महर्षी कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं. मुलाच्या वाट्याला हयातीत मोठा सन्मान आला नाही. त्यांच्या आयुष्यावर अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट आला तो २००१ साली.

पण सरकारी कार्यक्रमाचा भर लोकसंख्या कमी करण्यावर होता. लग्न झालेल्या जोडप्यांना साधनं मिळाली. लग्न न झालेल्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न होते तिथेच राहिले. १९८६ साली भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा आढळली, तेव्हा हे मौन किती महाग पडू शकतं ते कळलं. त्यातून शाळांसाठी पौगंडावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आखला गेला. आणि २००७ साली ज्या राज्यांनी त्याला नकार दिला, त्यांत महाराष्ट्रही होता. कारण पुन्हा तेच. मुलं बिघडतील.

शिक्षकाच्या हाती

विद्यार्थ्यांच्या आरोग्याची आजची व्याख्या रानड्यांच्या काळापेक्षा रुंद आहे. परीक्षेचा ताण, एकटेपणा, नैराश्य यांविषयी आता निदान बोललं जातं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. व्यवस्था होत आहेत, हे चांगलंच आहे. पण दारावर पाटी लावली म्हणून विद्यार्थी आत येत नाही. आपलं म्हणणं ऐकून आतला माणूस काय करेल, याचा अंदाज तो आधी घेतो. तो अंदाज त्याने वर्गात, आपल्याकडे पाहूनच बांधलेला असतो.

अनेक शाळांनी वापरलेला एक साधा उपाय आहे, प्रश्नपेटीचा. प्रजननाचा धडा सुरू करायच्या आठवडाभर आधी एक बंद पेटी ठेवायची. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. त्यात काही पथ्यं पाळावी लागतात. चिठ्ठ्या सगळ्यांनी टाकायच्या. प्रश्न नसेल त्याने कोरी टाकायची, म्हणजे कुणी टाकली हे कळत नाही. अक्षरावरून कुणाला ओळखायचा प्रयत्न करायचा नाही. चावट वाटणारा प्रश्नही योग्य शब्दांत पुन्हा मांडून त्याचं उत्तर द्यायचं, कारण बहुधा त्या चावटपणामागे भीतीच असते. ज्याचं उत्तर ठाऊक नाही त्याला ‘पाहून सांगतो’ म्हणायचं आणि खरोखरच पाहून सांगायचं. एखाद्या चिठ्ठीत कुणी त्रास देत असल्याची किंवा जगणं नकोसं झाल्याची खूण दिसली, तर तो प्रश्न वर्गात वाचायचा नाही. त्या मुलाला किंवा मुलीला मदत कुठे आणि कुणाकडे मिळेल, हे मात्र सगळ्या वर्गाला सांगायचं. आणि कोण संकटात आहे हे कळलं, तर ते गुपित म्हणून स्वतःपाशी ठेवायचं नाही. मुख्याध्यापक, समुपदेशक आणि जिथे कायदा सांगतो तिथे पोलिस यांच्यापर्यंत ते न्यायचं.

यात बातमी होण्यासारखं काही नाही, कोर्टात उभं राहायची वेळही बहुधा येणार नाही. एका माणसाने तोट्यात मासिक चालवून जे केलं, त्याचा अगदी छोटा वाटा आपण उचलायचा आहे. धडा नेहमीच्या तासांत संपवावा आणि त्यानंतरचा एक तास चिठ्ठ्यांसाठी मोकळा ठेवावा. ‘उरलेलं घरी वाचा’ असं ज्याला आपण म्हणत आलो, ते बहुतेक त्या तासातच येईल.